तेरा बाजू आणि एक हाक

सात कॅसेटी. बुटाच्या खोक्यात भरलेल्या. बाजूबाजूवर निळ्या नेलपॉलिशनं आकडे घातलेले. एक, दोन, तीन करत तेरापर्यंत. खोकं येतं, पाठवणाऱ्याचं नाव त्यावर नाही. क्ले जेन्सन नावाचं शाळकरी पोरगं पहिली कॅसेट लावतं आणि आवाज येतो हॅना बेकरचा. हॅना त्याच्याच शाळेतली. आता ती नाही. तिनं आपलं आयुष्य संपवलंय. जाण्याआधी तेरा कारणं बोलून ठेवली आणि तेराही कारणं म्हंजे माणसं. ज्याचं त्याचं नाव घेऊन. एकानं ऐकायचं, ऐकून झालं की खोकं पुढच्याकडं पाठवायचं. साखळी तोडली तर कॅसेटींचा दुसरा संच सगळ्या गावासमोर येणार, अशी तंबीही तिनं देऊन ठेवलेली.

जे ॲशर या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी. नाव 'थर्टीन रीझन्स व्हाय'. २००७ साली छापली गेली. कुमारवयातल्या पोरापोरींसाठी लिहिलेली. २०१७ साली नेटफ्लिक्सनं तिच्यावर मालिका काढली आणि जगभरच्या पोरांनी ती मोबाईलवर बघितली. त्याच २०१७ साली अमेरिकेतल्या ग्रंथालयांकडं ज्या पुस्तकांविरुद्ध तक्रारी आल्या, त्या यादीत हे पुस्तक पहिलं होतं.

दोस्त म्हणतील, मोटारीतून शाळेत जाणाऱ्या पोरांच्या दुःखाशी आपल्याला काय करायचंय? आपल्याकडं प्रश्न काय कमी आहेत? बरोबर आहे. मीही ते पुस्तक हौसेनं हातात घेतलं नाही. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत अकरावीतली एक पोरगी येते. तिनं मालिका बघितली होती. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "दादा, जिवंत होती तवा तिचं कुणीच ऐकलं नाय. मेल्यावर मात्र सगळे कान देऊन ऐकतात. मंग तिनं बरोबरच केलं ना?"

या प्रश्नानं माझी झोप उडवली. पुस्तक मिळवलं, शब्दकोश शेजारी ठेवून वाचून काढलं. आता जे लिहितोय ते त्या पोरीच्या प्रश्नाला धरून. मी समीक्षक नाही. प्रतीकं-बितीकं हा प्रस्थापितांच्या वाङ्मयमंडळातला शब्द. पण या पुस्तकातल्या वस्तू बोलतात. त्या काय बोलतात ते नीट ऐकलं पाहिजे, नाहीतर आपली पोरं भलतंच ऐकतील.

पहिली वस्तू यादी. हॅनाच्या वर्गात एक पोरगा यादी फिरवतो. कोण पोरगी दिसायला बरी, कोण नाही. त्यात हॅनाच्या शरीराच्या एका भागाला पहिला नंबर दिलेला. गंमत म्हणून. त्याआधी तिच्याबद्दल एक खोटी अफवा सुटलेली असते, यादीनं त्या अफवेवर शिक्का मारला. तिथून पुढं जो येतो तो तिच्याकडं माणूस म्हणून बघतच नाही, यादीतली ओळ म्हणून बघतो. हात लावायची परवानगीच मिळाल्यासारखं वागतो.

यादी म्हंजे काय ते आपल्याला अमेरिकेनं शिकवायची गरज नाही. मी शाळेत होतो तेव्हा वर्षातून एकदा कारकून वर्गात यायचा आणि शिष्यवृत्तीवाल्यांची नावं मोठ्यानं वाचायचा. उभं राहायचं. पन्नास डोकी वळायची. सकाळपर्यंत माझ्याबरोबर लिंबाखाली गोट्या खेळलेला पोरगा त्या दुपारी मला 'सरकारी जावई' म्हणाला. त्याला त्या शब्दाचा अर्थही धड ठाऊक नव्हता, घरात ऐकलेला शब्द त्यानं माझ्यावर फेकला. कारकुनानं कायद्याप्रमाणंच केलं. यादी वाचली. पण त्या वाचण्यानं मी वर्गातून उठून गावकुसाबाहेर गेलो. बाक तोच होता, जागा बदलली होती.

म्हणून ॲशरची ही खूण मला खरी वाटते. छळ शिवीपासून सुरू होत नाही, यादीपासून होतो. आधी माणसाला एका रकान्यात बसवतात. मग त्या रकान्याशी कसं वागायचं ते सगळ्यांना आपोआप कळतं.

दुसरी वस्तू कागदी पिशवी. हॅनाच्या शाळेत एक तास असा असतो की तिथं मनातलं बोलायला शिकवतात. वर्गात प्रत्येकाच्या नावाची कागदी पिशवी. ज्याला ज्याच्याबद्दल चांगलं वाटतं त्यानं चिठ्ठी लिहून त्याच्या पिशवीत टाकायची. हॅनाची पिशवी रिकामीच राहते. कारण एक पोरगा रोज तिच्या चिठ्ठ्या चोरतो. राग म्हणून. चिठ्ठी ही काय चीज? चार शब्द. पण जिला चारी बाजूंनी घाणेरडं ऐकायला मिळतंय तिला हे चार शब्द भाकरीसारखे होते, आणि तेच कुणीतरी काढून घेत होतं.

पुढं याच तासाला हॅना एक निनावी चिठ्ठी टाकते. आत्महत्येवर बोलूया, अशी. वर्ग चर्चा करतो. पण कशाची? चिठ्ठी कुणी लिहिली याची. नाव का नाही घातलं? लक्ष वेधून घ्यायचं असेल! लिहिणारी तिथंच बसून ऐकते आहे. मित्रांनो, इथं मी पुस्तक खाली ठेवलं. कारण हीच भाषा आपण बैठकीतही ऐकतो. एखादं पोरगं म्हणालं की मला करमत नाही, जीव नकोसा झालाय, तर आपलेच कार्यकर्ते म्हणतात, "लढायचं सोडून रडतोय काय? बाबासाहेबांनी किती सोसलं!" बाबासाहेबांनी सोसलं ते पुढच्यानं सोसू नये म्हणून. त्यांच्या सोसण्याची काठी करून पोराच्या पाठीत घालायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

तिसरी वस्तू कविता. ही आपल्यासारख्या अनियतकालिकवाल्यांनी नीट बघावी. हॅना कविता लिहिते, वहीत, स्वतःसाठी. तिच्या ओळखीचा एक पोरगा शाळेत पत्रक काढतो. सापडलेले कागद, टिपणं, चित्रं गोळा करून छापायची, असलं पत्रक. तो तिची कविता न विचारता छापतो. नाव न घालता. वर्गावर्गात त्या कवितेची चिरफाड होते, पोरं तिची विडंबनं करतात. मास्तरांना कवितेचा अर्थ हवा होता. कविता लिहिणारी कुठं बसलीय, तिचं कसं चाललंय, हे विचारायला मात्र सवड नव्हती.

आपले अंक निघाले ते उलट्या कारणानं. ज्याला कुणी छापत नव्हतं त्यानं स्टेन्सिल कापली, हात काळे केले आणि स्वतःच्या नावानं छापलं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी पहिलं पत्र काढलं त्याचं नावच 'मूकनायक'. ज्यांना तोंड असून आवाज नव्हता त्यांचं पत्र. आवाज ज्याचा त्याच्याच तोंडात राहिला पाहिजे, हा आपला रिवाज. पण दुःखाची कविता आली की आपणही 'काय जबरदस्त लिहिलंय' म्हणून टाळ्या पिटतो आणि कवीला शेवटच्या गाडीनं एकट्याला घरी जाऊ देतो. कविता वाचली, माणूस वाचला नाही, असं होता कामा नये.

चौथी वस्तू रस्त्यावरची. थांबा असं सांगणारी पाटी. हॅना ज्या मोटारीत बसलेली असते ती त्या पाटीला धडकते. पाटी कोपऱ्यावरून पडते. चालवणारी पोरगी म्हणते, जाऊ दे, आणि निघून जाते. हॅना पोलिसांना फोन करते तोवर उशीर झालेला असतो. त्याच कोपऱ्यावर दोन गाड्यांची टक्कर होऊन त्यांच्या शाळेतला एक पोरगा जातो. साऱ्या पुस्तकात मला ही खूण सगळ्यात मोठी वाटते. पाटी पडल्याचा आवाज मोठा नव्हता. रक्त नाही, किंकाळी नाही. फक्त कोपऱ्यावर जे असायला हवं ते नाही. कुणी मुद्दाम मारलं नाही, पण थांब म्हणणारं कुणी उरलं नाही.

आणि शेवटची खूण, एक बंद होणारं दार. तेरावा माणूस म्हंजे शाळेतले मिस्टर पोर्टर, पोरांना सल्ला देणारे. हॅना त्यांच्या खोलीत जाते, लपवलेल्या टेपवर सगळं बोलणं भरते. तिच्यावर झालेल्या अत्याचाराकडं ती बोट दाखवते. ते म्हणतात, नाव सांगणार नसशील, तक्रार करणार नसशील, तर विसरून पुढं जा. ती उठते, बाहेर पडते. दार लागतं. मागून कुणी येत नाही.

इथपर्यंत ॲशर आपल्या बाजूचा आहे. यादी, चिठ्ठी, कविता, पाटी, दार. एकेक गोष्ट घेतली तर किरकोळ. कोर्टात टिकणार नाही अशी. पण एकीवर एक रचली की भिंत होते. छळ करणारा नेहमी म्हणतो, मी एवढंच तर केलं. एवढंच करणारे तेराजण जमले की काय होतं, ते या पुस्तकानं मांडलं.

आता भांडण.

या कादंबरीची मुख्य खूण कॅसेट. ॲशरला ही कल्पना सुचली ती एका संग्रहालयात. कानाला यंत्र लावायचं आणि टेपवरचा आवाज सांगेल तसं फिरायचं. सांगणारा माणूस समोर नाही, आवाज मात्र कानात. हॅनाही तसंच करते. नकाशा देते, जागांवर तांबड्या चांदण्या काढते, आणि ऐकणाऱ्याला त्या त्या जागेवर चालत जायला लावते. युक्ती जबरी आहे. क्ले एका रात्रीत सगळं गाव पालथं घालतो.

पण कॅसेट हा फसवा आवाज आहे. तो थांबवता येतो, मागं नेता येतो, त्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही. पुस्तकात हॅनाचे शब्द आणि क्लेचे विचार एकमेकांत विणलेत. ती बोलते, हा मनातल्या मनात उत्तर देतो, रडतो, मी होतो ना गं, म्हणतो. तिला ते ऐकू जात नाही. जाणारच नाही. वाचणाऱ्या पोराला मात्र वाटत राहतं की हॅना कुठंतरी बसून हे सगळं बघतेय, तिला न्याय मिळतोय, तिचा शब्द चालतोय. हा लेखकाच्या हातचा खेळ आहे. मेलेल्या माणसाला शेवटचा शब्द मिळत नाही. त्याच्या नावावर दुसरेच बोलतात. कधी प्रेमानं, कधी राजकारणासाठी.

माझ्या अभ्यासिकेतल्या पोरीनं नेमकं हेच उलटं ऐकलं होतं. मालिका आल्यावर मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्यांनी आरडाओरड केली ती याचसाठी. मरण म्हंजे सूड, मरण म्हंजे भाषण, असं दाखवलंत तर आधीच कडेला उभं असलेलं पोरगं ते खरं मानेल. २०१९ साली नेटफ्लिक्सला मालिकेतलं ते दृश्य कापावं लागलं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक. ॲशरनं आधी या कादंबरीचा शेवट वेगळा लिहिला होता. त्यात हॅना जगते. दहा वर्षांनिमित्त निघालेल्या आवृत्तीत तो शेवटही छापला गेला. म्हंजे तेराही कारणं तीच ठेवून हॅना जगू शकत होती. कारणांनी मरण ठरत नाही. मधे कुणी आलं की नाही, वेळेला हात पुढं झाला की नाही, यावरही ते अवलंबून असतं. पोरीला मी सांगितलं ते हे.

दुसरं भांडण व्यवस्थेचं. ॲशर तेरा नावं घेतो. शाळा, घर, पैसा, मर्दपणाची रीत, यांना कॅसेटीवर जागा नाही. आपल्या पोरांवर जे येतं ते तेराजणांच्या खोड्यांतून येत नाही, ते हजारो वर्षांच्या उतरंडीतून येतं. हॅनाबद्दल अफवा उठवावी लागली. आपल्या पोराबद्दल उठवावी लागत नाही, त्याचं आडनाव पुरतं. कादंबरी आली त्याच २००७ साली सुखदेव थोरात समितीनं दिल्लीच्या एम्सबद्दल अहवाल दिला. दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी काय सांगितलं? वसतिगृहात वेगळं पडणं, खाण्यात-खेळण्यात दूर ठेवलं जाणं, शिक्षकांनी जात विचारणं. डॉक्टर व्हायला गेलेली पोरं ही. यादी, चिठ्ठी, दार, सगळं तिथं होतंच, पण ते सांगायला अहवाल लागला.

मात्र व्यवस्था म्हणून हात झटकायचे नाहीत. हे आपलंही दुखणं आहे. 'व्यवस्थेनं मारलं' असं म्हटलं की दार बंद करणारा माणूस गर्दीत लपतो. व्यवस्थेला हात नसतात, ती कुणाच्या तरी हातांनी यादी वाचते, कुणाच्या तरी तोंडानं 'विसरून पुढं जा' म्हणते. ॲशर नावं घेतो, व्यवस्था सोडतो. आपण व्यवस्था घेतो, नावं सोडतो. दोन्ही धरलं पाहिजे. नाव, तारीख, जागा, काय बोलला, कोण हजर होतं, अर्ज कुणाला दिला, पोच मिळाली का. ही आपली कॅसेट. आणि ती जिवंत असताना भरायची, जिवंत माणसानं हातात घेऊन फिरायची.

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. वसतिगृहातून काढलेल्या पाच विद्यार्थ्यांपैकी एक. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. आदिवासी घरातली, स्त्रीरोगाचं पुढचं शिक्षण घेणारी. त्यांच्या तसबिरी आपण मोर्चात धरल्या, त्यांच्या नावानं घोषणा दिल्या. द्यायलाच हव्या होत्या. पण पुढं जे झालं ते तसबिरीपेक्षा मोठं आहे. २०१९ साली राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. विद्यापीठांतला जातिभेद थांबवायला असलेले २०१२ चे नियम नुसते कागदावर आहेत, ते अमलात आणा म्हणून. पोर गेलेल्या बाया. घरी बसून रडल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्या उठल्या, ज्या पोरांची तोंडं त्यांनी कधी बघितली नाहीत त्यांच्यासाठी. प्रतीकच पाहिजे असेल तर मला ते इथं दिसतं. पडलेली पाटी पुन्हा कोपऱ्यावर उभी करणाऱ्या दोन आया.

आणि म्हणून रोहित-पायलची नावं घेताना आपल्या जिभेला वळण पाहिजे. 'त्यांच्या मरणानं चळवळ जागी झाली' असं भाषणात म्हणू नका. खाली चटईवर बसलेलं एखादं पोरगं हिशेब करत असतं की माझ्या जगण्यानं काहीच जागं होत नाही. त्याला ऐकू गेलं पाहिजे की रोहित जगला असता तर चळवळीला जास्त हवा होता. पायल जगली असती तर किती बायांची बाळंतपणं तिच्या हातून सुखरूप झाली असती. आपल्याला हुतात्मे कमी पडले नाहीत. कमी पडतात ती चाळीस-पन्नास वर्षं पुरणारी माणसं.

ॲशरच्या पुस्तकाचं एक शेवटचं पान मात्र मी त्याच्या खात्यावर जमा धरतो. रात्रभर कॅसेटी ऐकून क्ले सकाळी शाळेत जातो. शाळेत स्काय नावाची एक पोरगी आहे. कधीकाळी त्याला आवडायची, आता मान खाली घालून, सगळ्यांपासून लांब राहणारी. क्लेनं इतके दिवस तिला बघून न बघितल्यासारखं केलेलं. त्या सकाळी तो तिच्या मागं जातो आणि तिच्या नावानं हाक मारतो. पुस्तक तिथं संपतं. ती वळली का, काय बोलली, लेखक सांगत नाही. सात कॅसेटींनी जे केलं नाही ते या हाकेनं होऊ शकतं, कारण ही हाक जिवंत माणसाला आहे आणि तिला उत्तर येऊ शकतं.

तर दोस्तहो, अंक खाली ठेवलात की एक काम करा. आपल्या शाखेत, अभ्यासिकेत, वसतिगृहाच्या खोल्यांत गेल्या दोन महिन्यांत कोण यायचं बंद झालं, त्यांची नावं काढा. ही यादी वर्गात वाचायची नाही, खिशात ठेवायची. एकेकाच्या दारात जायचं. भाषण करायचं नाही. चहा प्यायचा आणि विचारायचं, काय रे, दिसला नाहीस? तो बोलला तर मधे तोडायचं नाही. जीव नकोसा झालाय म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, दवाखान्यात बरोबर जायचं. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर सरकारनं २०२२ साली सुरू केलेली टेलि-मानस आहे, १४४१६ या नंबरावर. तिला पैसे पडत नाहीत. पण नंबर देऊन मोकळं व्हायचं नाही. दार लागलं की मागून जायचं.